गुंगी

रत्नागिरीच्या एका दवाखान्यात पावस गावच्या शेवंतीकाकींच्या पोटाची दुर्बिणीने तपासणी चालली होती. त्यांना हलक्या गुंगीचं औषध दिलं होतं आणि ती गुंगी किती चढतेय यावर लक्ष ठेवणं हे नर्स रुपालीचं काम होतं. तिने काकींच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि हाक मारली, "काकी, ऐकू येतंय ना? माझं बोट दाबा."

काकींनी दाबलं नाही. दुसऱ्या हाकेला नाही, तिसऱ्या हाकेलाही नाही. स्क्रीनवर श्वास, नाडी, ऑक्सिजन सगळं ठीक दिसत होतं, तरी गुंगी जास्त चढली असावी, असं रुपालीने डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी पुढचं औषध थांबवलं आणि तपासणी भरभर आवरली.

तासाभराने काकी उठून बसल्या तेव्हा रुपालीने विचारलं, "माझी हाक ऐकूच आली नाही का हो?"

"आली गो. तिन्ही वेळा आली."

"मग? आमचा जीव टांगणीला लागला होता!"

काकी मान खाली घालून म्हणाल्या, "नऊ वर्षं आमचे हे अंथरुणाला खिळलेत. हाक आली की उठायचं, एवढंच. आज म्हटलं, एकदा तरी ओ द्यायची नाय."