चौकातला शेवटचा रविवार

पत्रे ठोकणारे आले तरी दौलत पायरीवरून उठला नाही. मुकादम तिसऱ्यांदा बजावून गेला, सहा वाजता चौक बंद, यल्ला, चला उठा. सहाला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात त्याचा धाकटा भाऊ नीलेश यायला हवा होता. चार वर्षांत जो फिरकला नाही तो आज कुठून येणार, हे दौलतला कळत का नव्हतं? पण चौकच राहणार नव्हता. इथं आता गाड्यांच्या पार्किंगची इमारत होणार.

दुबईतल्या या चिनी वस्तीत पूर्वी चौक नव्हताच. नुसती वाळू आणि तिच्यात रुतलेले ट्रक. फरशा बसवल्या त्या दौलतच्याच टोळीनं, ऐन ऑगस्टात, डोक्याला ओले पंचे बांधून. मग भोवती चिन्यांची दुकानं आली, लाल कंदील लागले, संध्याकाळी बायका स्पीकर लावून रांगेनं नाचायला लागल्या. बाजूच्या पायऱ्यांवर आपले रत्नागिरीकडचे गडी जमायचे. जबल अलीची बस आणि शारजाची बस, दोन्ही जवळच थांबत, एवढंच त्याचं कारण. गावाहून कुणी आला की कोकमं, सुकट, कुणाच्या आईनं दिलेले लाडू इथंच वाटले जात. त्या बायका यांना हसायच्या, हे त्यांना हसायचे. बरं चाललं होतं.

मग करोना आला. चौकाला पिवळ्या पट्ट्या लागल्या, निम्मे लोक गावी गेले ते गेलेच. पट्ट्या निघाल्या आणि इथं पहिलं मोठं भांडण झालं ते या दोघा भावांचं.

दौलतनं हातापाया पडून नीलेशला आपल्या कंपनीत, जबल अलीला, चिकटवलं होतं. यानं ती नोकरी सोडली आणि शारजात कुठल्याशा गॅरेजात लागला. थोरल्याला सांगितलंसुद्धा नाही. दौलतचं डोकं फिरलं. सगळ्या गाववाल्यांदेखत त्यानं कानाखाली वाजवली. पंचविशीचा, साखरपुडा झालेला माणूस. त्याला असं चारचौघांत मारतात? चूकच ती. दौलत स्वतःच आता कबूल करतो.

नीलेश गाल चोळत म्हणाला, "जिथं मारलंस तिथंच माफी माग. दर सुट्टीला पाच वाजता मी इथं बसेन. तोवर मला भाऊ नाही न् घर नाही."

फोनमधलं सिम काढून त्यानं दोन तुकडे केले आणि निघून गेला.

दौलतही त्याच आईचा. महिनाभर चौकाकडे फिरकला नाही. नव्या वर्षात कंपनीची सुट्टी शुक्रवारची रविवारवर गेली, जुने गाववाले पांगले, आणि एकटा पडल्यावर त्याचा राग उतरला. मग मात्र त्यानं एक सुट्टी चुकवली नाही. पाच ते सहा, तीच पायरी. नीलेशचा पत्ता नाही. शारजातली गॅरेजंही शोधून झाली. त्या हजारांत एक माणूस कसा सापडायचा? आणि विचारायचं तरी काय, ज्याला मी मारलं तो कुठंय? किराणा दुकानातली लिनबाई चार वर्षं त्याला चहा देत होती. तिच्याशीसुद्धा तो कधी यावर बोलला नाही. लाज वाटायची.

गावी सगुणा थांबली होती, नीलेशची अंगठी घालून. दर होळीला, दर गणपतीला ती विचारायची, काही कळलं का. दौलत म्हणायचा, आणतो त्याला. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. वडील दुसरं स्थळ घेऊन बसले होते.

"दादा, तुम्ही थांब म्हणालात तर थांबते."

दौलत म्हणाला, "नको थांबू, बाय. त्याला यायचं असतं तर आला असता."

तिच्या वडिलांनाही त्यानंच फोन करून सांगितलं, आमच्याकडून पोरगी मोकळी. आज दुपारी तिचं लग्न लागलं. फोटो मघाशीच आला होता. दौलतनं तो एकदा पाहिला आणि फोन खिशात टाकला. नीलेशचा त्याला इतका राग आला की आत्ता समोर असता तर त्यानं पुन्हा हात उचलला असता.

सहाला दहा कमी असताना लिनबाई चहा घेऊन आली. त्याचे डोळे पाहून शेजारी बसली. काय झालं, तिनं मोडक्या हिंदीत विचारलं. आता कसली लाज? दौलतनं सगळं सांगून टाकलं. थप्पड, पाच वाजता, चार वर्षं.



"शुक्रवारी पण एक जण येतो," लिनबाई म्हणाली. "पाच वाजता. शारजाचा. त्याची सुट्टी शुक्रवार. म्हणतो, इथं भावानं मारलं, भाऊ इथंच येणार."

दौलत उभा राहिला. मागे मुकादम पुन्हा ओरडला.

"परवा मी सांगितलं, चौक बंद. खूप रडला. म्हणाला, खलास, मीच हरलो. आज विमान आहे त्याचं. घरी मुलगी थांबली आहे, आता जाऊन तिच्याशी लग्न करतो."