पहिला घास कोणाचा?
भात निवत चालला होता, जपानी भजी मऊ पडत होती आणि अण्णा मांडीवर हात ठेवून नुसते बसले होते. राग आला की वडील अन्नाला शिवत नाहीत, हे वृंदाला लहानपणापासून ठाऊक होतं.

गल्लीच्या तोंडाशी असलेल्या या जपानी-कोरियन हॉटेलात तिनंच त्यांना आणलं होतं, मिन्होशी गाठ घालून द्यायला. चाकणच्या कारखान्यात कामाला आलेल्या या कोरियन मुलाशी तिला लग्न करायचं होतं. त्यानं मुद्दाम सगळं शाकाहारी मागवलं होतं. आता तोही काही न खाता मान खाली घालून बसला होता.

“अण्णा, आवडलं नाही का?”

“अगं, खाल्ल्यावर कळेल ना! यजमान ‘सावकाश होऊ द्या’ म्हणेपर्यंत घास कसा घेऊ? काही रीत आहे की नाही?”

वृंदा मिन्होकडे वळली. “आणि तू रे?”

“मोठं माणूस आधी चमचा उचलणार,” तो अडखळत मराठीत म्हणाला. “मग मी. नाहीतर आई मारेल.”

अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. “म्हणजे हा माझ्यासाठी उपाशी बसलाय होय!” म्हणत ते इतके खळखळून हसले, की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून पाहू लागली. देवाचं नाव घेऊन त्यांनी पहिला घास घेतला आणि आपल्या हातानं मिन्होच्या ताटलीत दोन भजी वाढली.

राममंदिरातलं एकही कीर्तन न चुकवणारे अण्णा तोंडातला घास संपायच्या आतच म्हणाले, “पूर्वरंग रंगला हो! आता आख्यान लावू. आईवडिलांना कधी आणताय, जावईबापू?”