तांदळातलं नाव

१९९९ साली आमच्या कंपनीचा, सगळ्यांचे लॉगिन तपासणारा डिरेक्टरी सर्व्हर ठाण्याहून डोंबिवलीला हलवला, तेव्हा दौलतने हौसेने त्याचं नावही बदललं. सोमवारी एकही कॉम्प्युटर त्याच्याशी बोलायला तयार होईना. दीडशे माणसं लॉगिनसाठी खोळंबली.

"याच्या सर्टिफिकेटवर जुनं नाव आहे," मंजुळा म्हणाली. "ओळख पटल्याशिवाय पासवर्ड कोण देईल?"

"मग आता?"

"नाव होतं तेच ठेव. डीएनएसच्या यादीत, म्हणजे कुठलं नाव कुठे राहतं त्या नोंदीत, नवा पत्ता लिही. तिथे विचारून सगळे बरोबर पोचतात."

दहा मिनिटांत काम सुरू झालं, तरी दौलत तिच्या टेबलापाशीच रेंगाळला. येत्या रविवारी दोघांचं लग्न होतं. तीही कळव्याहून डोंबिवलीला येणार होती.

"आई म्हणतेय, तांदळात मिताली लिही. मंजुळा फार जुनाट वाटतं तिला."

मंजुळाची बोटं कीबोर्डवर थांबली. "आजीचं नाव आहे रे ते," ती हळूच म्हणाली.

रविवारी दौलतने ताटातल्या तांदळात अंगठीने सावकाश नाव लिहिलं. आई वाकून वाचू लागली.

"अरे, हे तर माहेरचंच नाव."

"हो आई. पत्ता तेवढा बदलतोय."