तीन तासांचा गृहपाठ

"गृहपाठाला रोज किती वेळ लागतो?" विट्यातल्या हायस्कूलच्या सर्वेक्षणाचे कागद चाळताना संयोगिता मॅडम थबकल्या. वर्गात सगळ्यांच्या आधी गणित सोडवणाऱ्या दीपमालानं चक्क 'तीन तास' लिहिलं होतं. मॅडमनी तिला वही घेऊन बोलावलं. खोडून खोडून कागद पार झिरझिरीत झालेला. "एवढं काय खोडतेस गं?" "पप्पांचं मदुराईला सोनं गाळायचं दुकान हाय. गावाकडं वर्षातनं एकदाच येत्यात. माझा गृहपाठ हुईस्तवर व्हिडिओ कॉलवर समोर बसत्यात. झाला की फोन ठेवत्यात." "म्हणून मुद्दाम चुकतेस?" "न्हाई. मी बरोबरच सोडवती. पप्पाच म्हणत्यात, चुकलंय, परत मांड." मॅडमनी पान उजेडात धरलं. खोडलेलं पुसट उत्तर बरोबर होतं. "सोन्यातली गुंजभर खोट ओळखणाऱ्या माणसाला बरोबर उत्तर ओळखता येत नाही होय?" दीपमालानं झिजून हरभऱ्याएवढं उरलेलं खोडरबर मुठीत झाकलं. "येतंय की."