शिवीचा अर्थ

दारातच नोरीनने फोन मेधापुढे धरला. आयर्लंडमधल्या पोर्टलीश गावातल्या या शेजारणीचा लेक ऑस्ट्रेलियात तिथला फुटबॉल खेळत होता. यंदाचा सर्वोत्तम नवा खेळाडू तोच ठरणार म्हणून कित्येकांनी पैसे लावले होते. मेधाच्या नवऱ्याने, विक्रांतनेसुद्धा. समोरच्या खेळाडूला धोकादायकपणे पाडलं त्या एका टॅकलपायी पोरावर बंदी आली, नियमानुसार तो पुरस्कारातून बाद झाला आणि त्याला निनावी शिव्या येऊ लागल्या. "यातली ही कुठल्या भाषेत गं? तुमच्या?" मेधाने इंग्रजी अक्षरांतलं मराठी वाचलं: 'मुडदा बशिवला तुझा!' टीव्हीवर कॅच सुटला की विक्रांत हेच ओरडायचा. याच पोराने त्यांच्या मुलीला सायकल शिकवली होती. मेधाच्या अंगाचा तिळपापड झाला. "विक्रांत! खाली ये." फोन बघताच तो चपापला. "आमच्यात म्हणतात असं सहज," तो पुटपुटला. "सहज?" मेधा कडाडली. "मुडदा म्हणजे काय, या आईच्या डोळ्यांत बघून सांग."