आखाजीचा मुराळी

"चहा बशीमा गार करीसन पाजज्यात, ताई. घाई करी ते ठसका लागस."

बेबाबाई हे नणंदेला तिसऱ्यांदा सांगत होती. कमलबाई हसली. "बठ्ठं समजनं माले. तू जाय आते."

खाटेवर सासू छताकडे बघत पडली होती. अर्धांग होऊन पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत बेबाबाई एकही रात्र सलग झोपली नव्हती, की एकाही आखाजीला, अक्षय्यतृतीयेच्या सणाला, माहेरी गेली नव्हती. नवऱ्याला आईचं करायची लाज वाटे. विचारपूस मात्र तो उंबऱ्यातून रोज दोनदा करी.

"तुम्हना घर सासूजोडे कोन शे मग?" पिशवी उचलता उचलता बेबाबाईनं विचारलं.

"मनी ननंद उनी शे ना आखाजीले. म्हनीसन ते माले येवाले जमनं."

बाहेर तिचा भाऊ हिलाल उभा होता. यंदा मुराळी म्हणून तो स्वतः तिला माहेरी न्यायला आला होता आणि धरणगाव-धुळे एसटी चुकेल म्हणून घाई करत होता. सासूनं चांगला हात उचलून सुनेकडे पाहिलं. बेबाबाईला रडू आलं, आणि त्याच वेळी पळत सुटावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

गाडीत खिडकीची जागा मिळाली. अमळनेर येईपर्यंत तीच बोलत होती. हिलाल नुसता हूं हूं करत होता.

पहिली तीन वर्षं माय स्वतः येऊन तिला भेटून जायची. मग तिला ऊन सोसेना म्हणे. हिलाल एकटाच येऊ लागला, मधूनमधून अंतर्देशीय पत्रात 'माय खुशाल' असं लिहू लागला. उन्हाळ्यात मायनं थापून, वाळवून पाठवलेले बिबडे आणून देई. मायचे ज्वारीचे बिबडे कागदासारखे पातळ असायचे. गेल्या दोन उन्हाळ्यांतले जाडसर होते, कडेला फाटलेले. वय झालं, हात जड झाला, असं म्हणत बेबाबाईनं ते पुरवून पुरवून खाल्ले होते.

"माले कायबी नको, भाऊ. मायना मांडीवर डोकं ठेईसन झोपसु. माले कोनी उठाडू नका."

हिलाल तिकिटाच्या घड्या घालत राहिला. "घरमा तुन्हीच वाट देखी राहिनात," एवढंच म्हणाला.

धुळ्याला गाडी बदलून दोघं गावात उतरली तेव्हा उन्हं कलली होती. निंबाला झोके बांधले होते, माहेरवाशिणी गौराईची गाणी म्हणत होत्या. बेबाबाई भावाला मागं टाकून भराभर चालू लागली. चाळिशीची बाई, पण चाल परकऱ्या पोरीची.

ओसरीवर भावजय लताबाई उभी होती. अंगावर नवं लुगडं, डोळे मात्र जागरणानं लाल. मागं एक अनोळखी माणूस घाईघाईनं चहा संपवत होता.

"हाऊ मना भाऊ," लताबाई म्हणाली. "माले लेवाले उना."

बेबाबाईनं चपला काढल्या आणि दारातूनच हाक मारली, "माय!"

आतून ओ आली नाही, खाट तेवढी करकरली. ती हिलालकडे वळली. हिलालनं मान खाली घातली.

लताबाईनं कोपऱ्यातली भरलेली पिशवी उचलली.

"चहा बशीमा गार करीसन पाजज्यात, ताई. मायले ठसका लागस."