गायधनी सरांचे डोळे

“प्रतिभा, या ज्योतीचा रंग कोणता गं?”

मंगळूने क्षारात बुडवून दिव्यावर धरलेल्या तारेकडे गायधनी सरांनी बोट केले होते. मान मात्र शेजारच्या प्रतिभेकडे वळवली होती.

“विटकरी, सर.”

“बरं,” म्हणत सर पुढच्या टेबलाकडे निघाले. जाताना त्यांनी वाटेतले स्टूल हाताने चाचपून पाहिले.

नाशिकच्या त्या महाविद्यालयात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोहोचलेल्या या मुलांना आता त्या प्रश्नाचे नवल उरले नव्हते. पहिल्याच वर्षी, फळा पुसता पुसता, सरांनी त्यांना विश्वासात घेतले होते. रंग आपल्याला पूर्वीसारखे उमगत नाहीत. तेव्हा प्रत्येक द्रावणाचा, तळाशी बसणाऱ्या साक्याचा, ज्योतीचा रंग ज्याला दिसेल त्याने मोठ्याने बोलावा, म्हणजे आपलेही शिकवणे अडणार नाही, असे ते म्हणाले होते. रसायनशास्त्राच्या अध्यापकाला रंग दिसत नाहीत, हे प्राचार्यांच्या कानी गेले असते तर निवृत्तीपूर्वीच प्रयोगशाळा त्यांना दुरावली असती. सरांचे अवघे आयुष्य त्या खोलीत गेले होते. घरी देवपूजा आणि इथे ही पूजा, यांत त्यांनी कधी भेद केला नव्हता.

मुलांनी ते गुपित प्राणपणाने जपले. पाठशाळेत संथा म्हणावी तसे रंगांचे उच्चार प्रयोगशाळेत घुमत. खट्याळ मुलांना त्यातही गंमत सुचे. एकाने साक्याचा रंग आईच्या शालूसारखा असल्याचे सांगितले, तेव्हा सरांनी अत्यंत गंभीरपणे विचारले होते, “लग्नातल्या, की मुंजीतल्या?”

प्रतिभेची निष्ठा तर सर्वांहून मोठी. जिना उतरताना ती सरांचा हात धरी. कोणी परका दारात दिसला, की सरांनी विचारण्याआधीच ती रंग सांगून मोकळी होई.

मंगळू हा तिचा टेबलावरचा सोबती. मखमलाबादच्या माळ्यांचा मुलगा, घरी भाजीपाल्याचा मळा. समीकरणे त्याच्या जिभेवर नाचत. प्रात्यक्षिकात मात्र आरंभी तो पार गडबडे. वर्ग हसे. कॉलेज सोडून मळ्यात जातो, असेही तो तेव्हा बोलू लागला होता. पुढे हळूहळू त्याचा हात बसला. कधी तो प्रतिभेच्या घरी द्यायला पिशवीभर टोमॅटो आणी, त्यांत निम्मे कच्चे निघत.

“पिकायची वाट बघायची रीत नाही का रे तुमच्यात?” ती विचारी.

“लय घाई असते मार्केटची,” तो म्हणे, आणि विषय बदली.

वार्षिक प्रात्यक्षिकाला पुण्याहून बाहेरचे परीक्षक आले. त्या दिवशी बोलायला बंदी. प्रतिभेला स्वतःच्या परीक्षेपेक्षा सरांची चिंता अधिक. या मौनात सर काय पाहणार, आणि न पाहता काय तपासणार? हा एक प्रहर निभावून जावो, अशी सप्तशृंगीला आळवणी करीतच तिने दिवा पेटवला.

बराच वेळ सारे सुरळीत चालले. मग सर हिंडत हिंडत त्यांच्या टेबलाशी थांबले. मंगळूची तार ज्योतीत होती. हीच चाचणी त्याने पुन्हा पुन्हा केली होती. कपाळावर घाम साचला होता आणि लेखणी कागदाला टेकत नव्हती.

“प्रतिभा,” सर स्वच्छ आवाजात म्हणाले, “या ज्योतीचा रंग कोणता?”

बाहेरचे परीक्षक वळले. “गायधनी, परीक्षा चालू आहे.”

“ठाऊक आहे मला. पण तपासायचं तर मला रंग कळला पाहिजे, आणि तो मला दिसत नाही. डोळे गेले माझे.”

प्रतिभा पेचात पडली. आपण गप्प राहिलो तर परीक्षक ही थट्टा समजतील. बोललो तर इतकी वर्षे राखलेले सारे आपल्याच तोंडून उधळले जाईल. तिने सरांकडे पाहिले. ते शांतपणे उत्तराची वाट पाहत होते. त्या मुखाचा अनादर तिच्याने होईना.

“हिरवी, सर,” ती म्हणाली. “पोपटी हिरवी.”

“बरं,” सर म्हणाले.

व्हायचे ते झाले. परीक्षकांनी प्राचार्यांना कळवले, आणि प्राचार्यांनी सरांकडून प्रयोगशाळेच्या किल्ल्या मागून घेतल्या. निकाल लागला, वर्ग उत्तीर्ण झाला, मंगळूला प्रथम श्रेणी मिळाली. तो पेढे घेऊन घरोघर फिरला. प्रतिभेला मात्र पेढा गिळवेना.

एका सकाळी ती गंगापूर रोडवर सरांच्या घरी गेली. सर व्हरांड्यात सदऱ्याला बटण लावीत बसले होते. तिने वाकून नमस्कार केला आणि तिला रडू कोसळले. आपण तोंड उघडायला नको होते, तुमची प्रयोगशाळा माझ्यामुळे गेली, असे ती हुंदक्यांतून सांगत राहिली. सरांनी तिला थोपवले नाही. दोरा संपला होता; त्यांनी नवा तोडून घेतला. तो ओवून द्यावा म्हणून डोळे पुसत तिने हात पुढे केला.

सरांनी सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्याच खेपेस दोरा ओवला.

“मंगळूला यातलं काही कळू देऊ नकोस हो, बाळ,” ते म्हणाले. “तांबडं आणि हिरवं त्याला एकच दिसतं, हे कुणाच्याही ध्यानात आलेलं नाही, असं त्याला वाटतं.”